रोमन अधिकाऱ्याचा शिलालेख कसा वाचावा: धाकट्या प्लिनीच्या दगडावरून पहिले धडे

रोमचा इतिहास वाचायला घेतला की सम्राटांची नावं चटकन पाठ होतात. ऑगस्टस, नीरो, ट्रेजन, मार्कस ऑरेलियस. पण एवढं अवाढव्य राज्य रोजच्या रोज चालवणारी माणसं वेगळीच होती: खजिन्याचे हिशेब बघणारी, नदीचे काठ बांधून घेणारी, परप्रांतात जाऊन वर्षानुवर्षं न्यायनिवाडा करणारी. त्यांची ओळख करून घ्यायची तर त्यांच्या नावाचे दगड वाचावे लागतात. इटलीपासून तुर्कस्तान-अल्जीरियापर्यंतच्या संग्रहालयांत असे हजारो दगड आहेत. वर नाव आणि खाली पदांची लांबलचक यादी. पहिल्यांदा बघणाऱ्याला ती रुक्ष वाटते आणि तो पुढच्या दालनाकडे वळतो. त्याने वळू नये म्हणून हा लेख.

लॅटिन येत नसेल तरी बिघडत नाही. दहा-पंधरा शब्द ओळखीचे झाले की काम भागतं. मात्र एक प्रश्न पहिल्यापासून जवळ ठेवा: हे पद या माणसाला कोणी दिलं? यादीतल्या प्रत्येक पदापाशी थांबून हा प्रश्न विचारला की यादीची गोष्ट होते.

पहिली पायरी: दगड निवडा आणि कंस ओळखा

सुरुवात धाकट्या प्लिनीच्या, म्हणजे इसवी सन 100 च्या आसपासच्या एका रोमन अधिकाऱ्याच्या, दगडापासून करा. कारण साधं आहे. या माणसाचा शिलालेखही आहे आणि पत्रंही आहेत, त्यामुळे एक दुसऱ्याशी ताडून बघता येतो. अशी सोय फार थोड्या रोमन अधिकाऱ्यांच्या बाबतीत मिळते.

लॅटिन शिलालेखांचा मोठा छापील संग्रह म्हणजे ‘कॉर्पस इन्स्क्रिप्शनम लॅटिनारम’. त्याच्या पाचव्या खंडात 5262 क्रमांकाला हा लेख आहे. क्लाउस आणि स्लाबी यांच्या नावाच्या इंटरनेटवरील विदागारात हाच क्रमांक टाकला की मजकूर फुकट मिळतो. मूळ दगड उत्तर इटलीतल्या कोमुमचा, म्हणजे आजच्या कोमो शहराचा. मध्ययुगात तो मिलानला नेला गेला, कापून त्याचे तुकडे केले गेले आणि सांत आम्ब्रोजोच्या चर्चमधल्या एका थडग्यासाठी ते वापरले गेले. आज मूळ तुकडा एकच उरला आहे. बाकीचा मजकूर प्रबोधनकाळातल्या अभ्यासकांनी उतरवून ठेवला म्हणून आपल्यापर्यंत पोचला.

म्हणूनच कंसांकडे नीट बघा. गोल कंसातली अक्षरं म्हणजे कोरणाऱ्याने जागा वाचवायला गाळलेली आणि संपादकाने पूर्ण केलेली. चौकोनी कंसातली अक्षरं म्हणजे दगडावरून नाहीशी झालेली आणि संपादकाने अंदाजाने भरलेली. गोल कंसावर बिनधास्त विश्वास ठेवावा. चौकोनी कंसावर कुठलाही मोठा निष्कर्ष उभारू नये, कारण तिथे दगडाऐवजी एखादा विद्वान बोलत असतो.

आणखी एक सावधगिरी. या दगडाला आपल्याकडच्या सरकारी नोकराचं सेवापुस्तक समजू नका. सेवापुस्तकात नोंदी कार्यालय करतं आणि नको असलेलीही नोंद तिथे राहते. इथे काय कोरायचं आणि काय गाळायचं हे तो माणूस किंवा त्याचे वारस ठरवतात.

दुसरी पायरी: नावात घराणं शोधा

पहिली ओळ अशी: गाइउस प्लिनिउस, लुकिउसचा मुलगा, औफेंतिना गणाचा, काइकिलिउस सेकुंदुस. ‘अमक्याचा मुलगा’ हे एल-एफ अशा दोन अक्षरांत येतं, त्यानंतर गणाचं, म्हणजे नागरिकांच्या गटाचं नाव. वडिलांचं नाव आणि गण दिसला की हा जन्मतः स्वतंत्र रोमन नागरिक हे समजावं. मुक्त झालेल्या गुलामाच्या नावात वडिलांच्या जागी मालकाचं नाव येतं.

प्लिनी आणि काइकिलिउस अशी दोन घराण्यांची नावं एकत्र का? जन्माचं घराणं काइकिलिउसांचं. प्लिनिउस हे मामाचं नाव. हा मामा म्हणजे थोरला प्लिनी, मिसेनुमच्या आरमाराचा प्रमुख. इसवी सन 79 मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या उद्रेकात तो गेला आणि मृत्यूपत्राने भाच्याला दत्तक घेऊन गेला. मामा अश्वारोही वर्गातला, म्हणजे सेनेटरांच्या खालच्या श्रीमंत वर्गातला होता, सेनेटर (रोमच्या सर्वोच्च सभेचा, सेनेटचा, सभासद) नव्हता. म्हणजे सेनेटमध्ये पाऊल ठेवणारा घरातला पहिला माणूस हा भाचाच. हे लक्षात ठेवा, कारण अशा नवख्या घरातल्या मुलाला कोणाच्या तरी पाठबळाशिवाय वर चढता येत नसे.

तिसरी पायरी: मानाची पदं बाजूला काढा, मग यादी उलटी वाचा

नवशिके इथेच अडखळतात. नाव झाल्यावर लगेच ‘कॉन्सुल’ आणि ‘औगुर’ असे शब्द येतात आणि वाटतं, कारकिर्दीची सुरुवात तिथून झाली. तसं नसतं. कॉन्सुल हे सर्वोच्च पद आणि औगुर हे शकुन पाहणाऱ्या पुरोहिताचं आजन्म पद. दोन्ही मानाची, म्हणून काळाचा क्रम मोडून ती डोक्यावर बसवली जातात. ती उचलून वेगळ्या कागदावर लिहा. उरलेली यादी प्लिनीच्या दगडावर वरून खाली उतरत जाते, नवं पद आधी आणि जुनं नंतर. तेव्हा शेवटून वर वाचायचं. काही दगडांवर क्रम याच्या उलट असतो, तो तपासायला ‘क्वेस्टर’ (सेनेटरच्या शिडीवरचं सुरुवातीचं पद) हा शब्द शोधावा. त्याच्या ज्या बाजूला लीजनचा (सैन्याच्या मोठ्या तुकडीचा) ट्रिब्यून, म्हणजे लष्करी अधिकारी, दिसेल ती बाजू तरुणपणाची.

उलटी केल्यावर प्लिनीची यादी अशी होते. आधी दहा न्यायपंचांपैकी एक. मग सीरियातल्या तिसऱ्या गालिका लीजनमध्ये ट्रिब्यून. मग रोमच्या अश्वारोहींच्या एका तुकडीचा मानाचा प्रमुख. मग सम्राटाचा क्वेस्टर. त्यानंतर लोकांचा ट्रिब्यून (सामान्यांच्या हिताचं नागरी पद), मग प्रेटर (वरिष्ठ न्यायाधिकारी). मग लष्करी खजिन्याचा प्रीफेक्ट (प्रमुख), त्यानंतर सॅटर्नच्या मंदिरातल्या मुख्य खजिन्याचा प्रीफेक्ट. मग टायबर नदीचं पात्र, तिचे काठ आणि शहराची गटारं यांचा प्रमुख. आणि शेवटी पोंतुस-बिथिनिया (आजच्या तुर्कस्तानचा उत्तर भाग) प्रांतात सम्राटाचा प्रतिनिधी, कॉन्सुलच्या अधिकारांनिशी.

चौथी पायरी: वर्ग ओळखा

रोमन साम्राज्यात वर चढायच्या शिड्या दोन होत्या. एक सेनेटर वर्गाची. ऑगस्टसच्या काळापासून तिच्यासाठी किमान 10 लाख सेस्टर्सची (सेस्टर्स हे रोमन नाणं) मालमत्ता लागे. दुसरी अश्वारोही वर्गाची, तिला 4 लाख पुरत. क्वेस्टर, प्रेटर, कॉन्सुल हे शब्द दिसले की शिडी सेनेटरची. ‘प्रोकुरातोर’ (सम्राटाचा कारभारी) शब्द दिसला की बहुधा अश्वारोहीची. ‘प्रीफेक्ट’ एवढ्यावरून मात्र काही ठरवू नका. खजिन्याचा प्रीफेक्ट सेनेटर असे, इजिप्तचा प्रीफेक्ट अश्वारोही.

पाचवी पायरी: वयं आणि सालं मांडा

दगडावर सालं नसतात, ती आपण बसवायची. प्लिनीने स्वतः लिहिलंय की व्हेसुव्हियसच्या वेळी त्याला अठरावं वर्ष चालू होतं. म्हणजे जन्म 61 किंवा 62 चा. क्वेस्टर साधारण पंचविशीला होता येई आणि दर वर्षी 20 क्वेस्टर निवडले जात. प्रेटर व्हायला तिशी लागे. त्यावरून त्याचं क्वेस्टरपद 90 च्या आसपास पडतं. कॉन्सुलपदाची तारीख तर पक्की आहे, सन 100 चे सप्टेंबर आणि ऑक्टोबर. दोनच महिने, कारण साम्राज्याच्या काळात एका वर्षात कॉन्सुलांच्या अनेक जोड्या बसवल्या जात. 1 जानेवारीला बसणाऱ्या जोडीच्या नावाने वर्ष ओळखलं जाई, तो मान मोठा. मधल्या जोड्यांना पद मिळे, वर्ष मिळत नसे.

सालं बसवायची दुसरी युक्ती सम्राटाच्या बिरुदांची. ट्रेजनने जर्मानिकुस हे बिरुद 97 मध्ये घेतलं, डाकिकुस 102 मध्ये, पार्थिकुस 116 मध्ये. दगडावर डाकिकुस असेल आणि पार्थिकुस नसेल, तर लेख या दोन सालांच्या मधला असं सर्वसाधारणपणे धरता येतं.

सहावी पायरी: प्रत्येक पदापाशी विचारा, हे दिलं कोणी?

इथे घाई करू नका.

कागदोपत्री क्वेस्टर, प्रेटर वगैरे पदं सेनेटमध्ये निवडून भरली जात. पण ‘सम्राटाचा क्वेस्टर’ म्हणजे खुद्द सम्राटाने निवडलेला तरुण, त्याचे निरोप सेनेटमध्ये वाचून दाखवणारा. दोन्ही खजिन्यांचे प्रीफेक्ट सम्राट नेमे. टायबरचं काम त्याच्या हातचं. आणि बिथिनियाची नेमणूक तर सगळ्यांत बोलकी. एरवी हा प्रांत सेनेटचा, तिथला राज्यपाल चिठ्ठ्या टाकून ठरे. शहरांचे हिशेब बिघडले, कज्जे वाढले, तेव्हा ट्रेजनने चिठ्ठ्या बाजूला ठेवून आपला माणूस पाठवला. दगडावर त्या प्रांतात त्याला कोणी पाठवलं हेही कोरलेलं आहे आणि ट्रेजनचं नाव बिरुदांसकट आहे.

आता सगळ्या नेमणुका ओळीने बघा. प्लिनीच्या वाट्याला लीजनचं सेनापतिपद कधी आलं नाही. ब्रिटनचा राज्यपाल अग्रिकोला याची यादी शेजारी ठेवा: त्याने विसाव्या लीजनचं नेतृत्व केलं, मग अ‍ॅक्विटानिया प्रांत, मग कॉन्सुलपद, मग ब्रिटन. तो लढवय्यांचा रस्ता होता. प्लिनीचा रस्ता हिशेबाचा. सीरियात तो ट्रिब्यून होता तेव्हाही राज्यपालाने त्याला साहाय्यक पलटणींचे जमाखर्च तपासायला बसवलं होतं. ती आठवण त्याने एका पत्रात लिहिली आहे: अनेकांच्या वह्यांत त्याला हावरटपणा आणि हलगर्जी दिसली, एका अधिकाऱ्याचा हिशेब मात्र चोख निघाला. विशीतला हा मुलगा आकडे वाचू शकतो हे तिथेच कोणाच्या तरी ध्यानात आलं असावं. लष्करी खजिना, मुख्य खजिना आणि शेवटी कर्जात बुडालेली शहरं हे सगळं त्याच धाग्यात बसतं. दगडावर हे कुठेही लिहिलेलं नाही. पदं ओळीने लावल्यावरच ते उमजतं.

सातवी पायरी: गाळलेलं शोधा

आता दगडाच्या एका ओळीपाशी डोळे न्या: ‘सम्राटाचा क्वेस्टर’. कोणत्या सम्राटाचा? बिथिनियाच्या ओळीत ट्रेजनचं नाव पूर्ण आहे. इथे नुसतं ‘सम्राटाचा’, आणि पुढे थेट पुढचं पद. वयाच्या हिशेबाने तो सम्राट डोमिशियनच. 18 सप्टेंबर 96 ला त्याचा खून झाला आणि सेनेटने त्याचं नाव दगडांवरून खरवडून काढायचा ठराव केला. अशा माणसाच्या हातून मिळालेला मान तर दाखवायचा आहे, देणाऱ्याचं नाव मात्र नको. पत्रांतही तेच. क्वेस्टरपदापासूनच्या एका मित्राविषयी लिहिताना प्लिनी सांगतो की प्रेटर होण्यासाठी ‘सीझरने’, म्हणजे सम्राटाने, त्याला एक वर्षाची सूट दिली. कोणता सीझर, हे तिथेही नाही.

याहून मोठी गोष्ट लष्करी खजिन्याची. हा खजिना ऑगस्टसने इसवी सन 6 मध्ये काढला. वारसा मिळालेल्या मालमत्तेवर 5 टक्के आणि लिलावावर 1 टक्का कर, त्यातून निवृत्त सैनिकांना रक्कम द्यायची. तिघे प्रीफेक्ट तो सांभाळत. प्लिनीची सगळी पत्रं चाळा, या नोकरीचा उल्लेख सापडत नाही. उलट सन 100 मध्ये ट्रेजनसमोर केलेल्या भाषणात तो म्हणतो की डोमिशियनने भल्या माणसांचा द्वेष उघड केल्यावर आपण आपली वाटचाल थांबवली. दगडावर मात्र प्रेटर आणि मुख्य खजिना यांच्यामध्ये लष्करी खजिना स्पष्ट बसलेला आहे. प्रेटरपद बहुतेक अभ्यासक 93 मध्ये धरतात. मुख्य खजिना त्याच्याकडे 98 मध्ये आला. मधल्या वर्षांत नेमणूक झाली असेल तर ती बहुधा डोमिशियनच्याच हातून.

एवढ्यावरून त्याला ढोंगी ठरवायची घाई मी करणार नाही. प्रेटरपदाच्याच वर्षी तत्त्वज्ञांना रोममधून हाकललं गेलं, तेव्हा प्रेटर असूनही तो त्यांच्यातल्या एकाला भेटायला शहराबाहेर गेला आणि त्याने कर्ज काढून त्याला बिनव्याजी पैसे दिले, हे त्यानेच लिहिलंय. धोका होता आणि नोकरीही चालू होती, दोन्ही खरं. भाषणात ते पद अडचणीचं होतं, कारण ऐकणाऱ्या सेनेटर मंडळींपैकी कित्येकांची स्थिती तीच होती. दगडावर ते गाळलं असतं तर कारकिर्दीत भोक दिसलं असतं. म्हणून दगड त्याच्या भाषणापेक्षा जास्त खरं बोलतो असं माझं मत आहे. शिलालेख वाचायला शिकायचं ते यासाठीच.

आठवी पायरी: पदामागचं रोजचं काम बघा

‘बिथिनियात प्रतिनिधी’ या दोन शब्दांत काय काय होतं ते प्लिनी आणि ट्रेजन यांच्या पत्रव्यवहारात दिसतं. निकोमीडिया शहराने पाण्याच्या कालव्यावर 33,18,000 सेस्टर्स घातले आणि काम अर्धवट सोडलं. मग दुसऱ्या कालव्यावर आणखी 2 लाख. निकियातलं नाट्यगृह 1 कोटीहून जास्त गिळून पूर्ण होण्याआधीच खचायला लागलं, भिंतींना भेगा. निकोमीडियात मोठी आग लागली, लोक नुसते बघत उभे राहिले. प्लिनीने 150 जणांचं अग्निशमन पथक काढायची परवानगी मागितली. ट्रेजनने नाही म्हणून कळवलं, कारण अशा मंडळ्यांचं पुढे राजकारण होतं हा त्याचा अनुभव. बादल्या आणि साधनं पुरवा, घरमालकांना कामाला लावा, एवढीच मुभा दिली.

एवढा मोठा अधिकारी, पण दीडशे माणसांचं पथकही स्वतःच्या सहीने काढू शकत नाही. शेवटच्या पत्रांत तर तो माफी मागतो की आजोबा वारले म्हणून बायकोला, काल्पुर्नियाला, लवकर जाता यावं यासाठी त्याने सरकारी डाकेचा परवाना वापरला. ट्रेजनने समजून घेतलं. दगडावर ‘कॉन्सुलच्या अधिकारांनिशी’ वाचाल तेव्हा हा परवाना आठवा.

नववी पायरी: दुसरी शिडीही चढून बघा

आता अश्वारोही वर्गाचा एक दगड घ्या, रोममधला मार्कुस बासाइउस रुफुसचा. मार्कस ऑरेलियसच्या काळातला हा प्रिटोरियन रक्षकदलाचा, म्हणजे सम्राटाच्या अंगरक्षक दलाचा, प्रीफेक्ट. त्याची यादी उलटी वाचली की तळाशी सापडतो प्रीमुस पीलुस, म्हणजे लीजनमधला सर्वांत वरचा शतपती. म्हणजे हा माणूस शिपायांमधून वर आला. मग रोममध्ये अग्निशमन दल, शहर पलटण आणि प्रिटोरियन पलटण यांत ट्रिब्यून. मग स्पेनचा वायव्य भाग, नोरिकुम, बेल्जिका आणि दोन जर्मानिया या प्रांतांची प्रोकुरातोरपदं. मग सम्राटाच्या जमाखर्चाचा प्रमुख, अग्निशमन दलाचा प्रीफेक्ट, 168 च्या सुमारास इजिप्तचा प्रीफेक्ट आणि शेवटी प्रिटोरियन प्रीफेक्ट.

प्रोकुरातोरांच्या श्रेणी पगारावरून ओळखल्या जात: वर्षाला 60 हजार, 1 लाख, 2 लाख, पुढे 3 लाख सेस्टर्स. दगडावर ‘दुकेनारिउस’ दिसलं तर 2 लाखवाला.

इजिप्त अश्वारोहीकडेच का? रोमचं धान्य तिथून येई, म्हणून सेनेटरला सम्राटाच्या परवानगीशिवाय त्या प्रांतात पाऊलही ठेवता येत नसे. लाल समुद्रावरची बेरेनिकेसारखी बंदरं याच प्रांतात. भरूच, कल्याण, चौल या बाजूने आलेला माल तिथे उतरे आणि त्यावर 25 टक्के जकात बसे. आपल्या किनाऱ्याचा या दगडांशी संबंध येतो तो इथे.

इतिहासकार कास्सिउस दिओने रुफुसची एक गोष्ट नोंदवली आहे. गरिबीच्या दिवसांत तो झाडावर चढलेला द्राक्षवेल छाटत होता. कोणीतरी खाली बोलावलं, तो लगेच उतरला नाही, तेव्हा त्या माणसाने टोमणा मारला, ‘अहो प्रीफेक्ट, उतरा आता.’ गोष्ट खरी असो वा रचलेली, खेड्यातला गरीब मुलगा या शिडीने कुठवर पोचू शकतो हे रोमच्या लोकांनाही थक्क करणारं होतं, एवढं त्यातून कळतं.

दहावी पायरी: तळाचे आकडे सोडू नका

प्लिनीच्या दगडाचा अर्धा भाग पैशांचा आहे. मृत्यूपत्राने स्नानगृह बांधवलं, त्याच्या सजावटीला 3 लाख आणि देखभालीला 2 लाख सेस्टर्स. आपल्या मुक्त केलेल्या 100 जणांच्या पोटापाण्यासाठी 18,66,666, आणि त्यानंतर त्या रकमेचं उत्पन्न शहरातल्या सामान्य लोकांच्या भोजनासाठी. हयातीतच मुलामुलींच्या पोषणासाठी 5 लाख. ग्रंथालय, आणि त्याच्या देखभालीला 1 लाख. ‘एच-एस’ ही अक्षरं म्हणजे सेस्टर्स, एवढं ओळखलं की हे सगळं वाचता येतं. पदं त्याने रोममध्ये आणि प्रांतांत भोगली, पण त्यांची यादी गावात लागली ती गावाला दिलेल्या देणग्यांच्या आधाराने. दगड कोणी वाचावा असं त्याला वाटत होतं, त्याचं उत्तर या ओळींत आहे.

पुढचा सराव

यानंतर सुएतोनिउसचा दगड घ्या. अल्जीरियातल्या आजच्या अन्नाबा शहरी, म्हणजे जुन्या हिप्पो रेगिउसला, विसाव्या शतकाच्या मध्यात तो तुकड्यांत सापडला. सम्राटांची चरित्रं लिहिणारा तो हाच. त्याच्या यादीत सम्राटाच्या दरबारातली तीन पदं शोधा: विद्याविषयक कामकाज, ग्रंथालयं आणि पत्रव्यवहार. मग प्लिनीच्या पत्रांकडे परत या. त्याने सुएतोनिउससाठी लष्करी ट्रिब्यूनपद मिळवलं होतं आणि सुएतोनिउसने ते एका नातेवाइकाला देण्याची विनंती केली. पुढे बिथिनियातून प्लिनीनेच ट्रेजनकडे शब्द टाकून, मूल नसतानाही तीन मुलांच्या बापाच्या सवलती त्याला मिळवून दिल्या. यातलं दगडावर काय आलंय आणि काय नाही, त्याची दोन रकान्यांत यादी करा.